ओव्हरड्राइव्ह की डिस्टॉर्शन? गिटारचं पहिलं पेडल मागवण्याआधी हे समजून घ्या

वर्धा, हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगावात राहून इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या मुलामुलींपुढे एक अडचण हमखास येते. दहा-बारा पेडलं समोर ठेवून, एकेक वाजवून बघता येईल असं दुकान जवळपास नसतं. मग यूट्यूबवरचा व्हिडिओ बघायचा, आवाज आवडला की ऑनलाइन ऑर्डर करायची, हाच मार्ग उरतो. पार्सल येतं, पेडल जोडलं जातं आणि व्हिडिओतला तो भारदस्त आवाज काही केल्या येत नाही. गणपतीत किंवा भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात तेच पेडल थेट मिक्सरला लावलं, तर गिटारऐवजी पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकल्यासारखं ऐकू येतं.

अशा वेळी खापर पेडलवर फोडलं जातं. पण बहुतेकदा पेडल व्यवस्थित असतं, ते जोडण्याची जागा चुकलेली असते. म्हणूनच ‘कोणतं पेडल घेऊ?’ या प्रश्नाआधी ‘ते कुठे जोडणार आहे?’ हा प्रश्न विचारायला हवा. का, ते समजण्यासाठी हे पेडल नेमकं काय करतं ते आधी पाहू.

पेडल आवाजाचं काय करतं?

गिटारची तार छेडली की पिकअपमधून अगदी कमी व्होल्टेजचा सिग्नल निघतो. कागदावर काढला तर तो डोंगररांगेसारखा दिसतो, एक चढ, एक उतार. पेडल आधी हा सिग्नल कितीतरी पटींनी मोठा करतं आणि मग ठरावीक उंचीच्या वर गेलेला माथा छाटून टाकतं. डोंगराचं पठार होतं. या छाटणीला ‘क्लिपिंग’ म्हणतात.

छाटणीमुळे तीन गोष्टी घडतात. पहिली, मूळ स्वरात नव्हते असे वरचे उपस्वर तयार होतात, त्यामुळे आवाज खरखरीत आणि भरलेला वाटतो. दुसरी, हळू आणि जोरात वाजवलेल्या स्वरांतला फरक कमी होतो. तिसरी, स्वर जास्त वेळ टिकतो, कारण सिग्नल विरत गेला तरी बराच काळ तो छाटणीच्या रेषेच्या वरच असतो. सोलो वाजवताना स्वर लांबवता येतो, तो याच कारणाने.

ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ : फरक काय?

तिघांचं मूळ काम एकच. फरक आहे तो किती आणि कशी छाटणी होते यात.

ओव्हरड्राइव्ह : इथे माथा हळुवारपणे, कडा गोल ठेवून छाटला जातो. हळू वाजवलं तर आवाज जवळपास स्वच्छ, जोरात वाजवलं तर खरखर. हाताचा जोर आवाजात उतरतो. आयबनेझचं ट्यूब स्क्रीमर, बॉसचं एसडी-१ ही याची ठळक उदाहरणं. या पेडलांत छाटणी करणारे डायोड ॲम्प्लिफायर चिपच्या फीडबॅकच्या वळणात बसवलेले असतात, म्हणून कडा मऊ राहतात.

डिस्टॉर्शन : इथे माथा सपाट, जवळपास करवतीने कापल्यासारखा छाटला जातो. हळू वाजवा की जोरात, खरखर कायम. बॉसचं डीएस-१ आणि प्रोकोचं रॅट या गटातली. यांत सिग्नल आधी मोठा होतो आणि नंतर डायोडमार्फत वरचा भाग सरळ ग्राउंडकडे वळवला जातो.

फझ : छाटणी इतकी टोकाची की डोंगराची चौकोनी पेटी होते. आवाज लोकरीसारखा दाट, कधी तुटक. फझ फेस आणि बिग मफ ही जुनी, प्रसिद्ध नावं. पहिलं पेडल म्हणून फझ घेणं मात्र धाडसाचं, कारण ते सगळ्याच गाण्यांत बसत नाही.

पेडलवरच्या नावावर फार विसंबू नका. काही ‘ओव्हरड्राइव्ह’ पेडलं गेन वाढवला की डिस्टॉर्शनसारखी वागतात आणि रॅटचा गेन कमी ठेवला तर ते चांगलं ओव्हरड्राइव्हचं काम करतं.

बिघाडातून जन्मलेला आवाज

हा आवाज कोणी ठरवून शोधला नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत मेम्फिस इथे ‘रॉकेट ८८’ हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. गिटारवादक विली किझार्टचा ॲम्प आधीच बिघडलेला होता आणि तोच खरखरीत आवाज रेकॉर्डवर राहिला. १९६१ मध्ये मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात मिक्सिंग कन्सोलमधल्या बिघाडामुळे बेस गिटार घरघरली. लोकांना ती आवडली. तो आवाज मुद्दाम काढता यावा म्हणून १९६२ मध्ये मॅस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वापरलं आणि फझ जगभर पोहोचला.

पुढे जपानी कंपन्यांनी हीच गोष्ट छोट्या, मजबूत डबीत बसवली. बॉसचं ओडी-१ १९७७ मध्ये आणि डीएस-१ १९७८ मध्ये आलं. ट्यूब स्क्रीमर त्याच दशकाच्या अखेरीस आलं. डीएस-१ आजही मिळतं. निर्वाणाच्या कर्ट कोबेनने ते वापरलं, तर ट्यूब स्क्रीमर ब्लूज वाजवणाऱ्या स्टीव्ही रे व्हॉनमुळे घराघरांत पोहोचलं.

महाराष्ट्रात या आवाजाचं मोठं केंद्र होतं मुंबई. १९८४ मध्ये तिथे ‘रॉक मशीन’ हा बँड सुरू झाला, पुढे तोच ‘इंडस क्रीड’ झाला. महेश तिनईकर हे त्यातले गिटारवादक. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला आणि रंगभवनच्या खुल्या मंचावर हा आवाज हजारो तरुणांनी ऐकला. आज पेडलं फक्त परदेशातूनच येतात असंही नाही, मुंबईतली ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन ही कंपनी स्वतःची पेडलं बनवते.

सा-प चालतं, पूर्ण कॉर्ड का घोळतो?

डिस्टॉर्शन लावून सहा तारांचा पूर्ण मेजर कॉर्ड वाजवला की गोंगाट होतो. तेच दोन तारांचा ‘पॉवर कॉर्ड’ वाजवला की भिंत उभी राहिल्यासारखं वाटतं. कारण आपल्या संगीतातल्या षड्ज-पंचम भावात आहे.

पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प. त्यांच्या कंपनांचं प्रमाण २:३. गिटारची पाचवी तार मोकळी छेडली तर ११० हर्ट्झ, तिचा पंचम सुमारे १६५ हर्ट्झ. छाटणी झाली की दोन स्वर एकमेकांत मिसळून तिसरे स्वर तयार करतात, त्यांत दोघांमधली वजाबाकीही असते. इथे ती येते ५५ हर्ट्झ, म्हणजे त्याच षड्जाचा खालच्या सप्तकातला सा. म्हणून दोनच तारांतून इतका खोल आवाज येतो.

यात गंधार मिसळला की गणित बिघडतं. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो. त्यातून निघणारे जास्तीचे स्वर कशातच बसत नाहीत आणि कॉर्ड गढूळ होतो. म्हणून नियम सोपा आहे : गेन जितका जास्त, तितके एका वेळी कमी स्वर वाजवा. पूर्ण कॉर्ड वाजवायचेच असतील, तर ओव्हरड्राइव्ह घ्या आणि गेन कमी ठेवा.

आता मुख्य प्रश्न : केबल कुठे जाणार?

१. घरातला छोटा ॲम्प

शिकाऊ गिटारवादकांकडचे १०-२० वॉटचे बरेचसे ॲम्प ट्रान्झिस्टरचे किंवा डिजिटल असतात, व्हॉल्व्हचे नव्हे. ट्यूब स्क्रीमरचं नाव मोठं झालं ते आधीच तापलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पला पुढे ढकलण्यासाठी. ते खालचे स्वर कमी करतं आणि साधारण ७०० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग पुढे आणतं. छोट्या, स्वच्छ ॲम्पवर तेच पेडल एकटं लावलं तर आवाज बारीक, नाकातला वाटू शकतो. अशा ॲम्पसाठी रॅट किंवा डीएस-१ सारखं स्वतःच पुरेशी खरखर देणारं पेडल जास्त कामाचं.

आणखी एक गोष्ट. यातल्या बऱ्याच ॲम्पमध्ये ‘ड्राइव्ह’ चॅनल आधीच असतो. पेडल मागवण्याआधी तो महिनाभर नीट वापरून बघा. त्यात काय कमी पडतं हे नेमकं सांगता आलं, तरच खरेदीला अर्थ आहे.

घरी पेडलचा खरा फायदा वेगळाच आहे. व्हॉल्व्ह ॲम्पमधून खरखर काढायला आवाज मोठा करावा लागतो, पेडल ती कमी आवाजातही देतं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. परीक्षेच्या दिवसांत शेजारी तर त्याहून कडक असतात.

२. मंडपातला मिक्सर

सार्वजनिक कार्यक्रमांत अनेकदा गिटारचा ॲम्प नसतो. गिटार, कीबोर्ड, ऑक्टोपॅड सगळं एकाच मिक्सरला जातं आणि मोठ्या बॉक्समधून ऐकू येतं. भुंगा शिरतो तो इथेच.

गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर सोडत नाही. तो चाळणीसारखा काम करतो, छाटणीतून निघालेली वरची किरकिर अडवतो. मंडपातले बॉक्स गाण्यासाठी बनवलेले असतात, त्यांचा ट्विटर त्याच्या कितीतरी वरपर्यंत सगळं स्पष्ट ऐकवतो. चाळणीच नसल्याने सगळा कचरा श्रोत्यांच्या कानात.

यावर तीन उपाय आहेत. छोटा ॲम्प सोबत नेऊन त्याच्या स्पीकरसमोर माइक लावणं हा पहिला आणि खात्रीचा. दुसरा, पेडलनंतर स्पीकरच्या चाळणीची नक्कल करणारं, ‘कॅब सिम्युलेटर’ नावाचं उपकरण लावणं. तिसरा, ही सोय आत असलेलं मल्टी-इफेक्ट घेणं. ज्यांचं बहुतेक वादन मंडपातच होतं, त्यांच्यासाठी एकट्या डिस्टॉर्शन पेडलपेक्षा मल्टी-इफेक्ट हा शहाणपणाचा खर्च ठरतो. यातलं काहीच हाताशी नसेल, तर साउंडवाल्याला त्या चॅनलचा ‘हाय’ बराच खाली घ्यायला सांगा आणि पेडलचा टोनही कमी करा. आवाज उत्तम होणार नाही, पण सुसह्य होईल.

३. मोबाइल किंवा लॅपटॉप

ऑडिओ इंटरफेसमधून रेकॉर्डिंग करताना नियम मिक्सरचाच. ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर वापरायचं असेल, तर त्यातच आभासी पेडलंही मिळतात. ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शनमधला फरक फुकटात कानाला शिकवायची ही सगळ्यात सोयीची जागा.

मग पहिलं पेडल कोणतं?

• जुनी हिंदी-मराठी गाणी, ब्लूज, सॉफ्ट रॉक : ओव्हरड्राइव्ह. एसडी-१ किंवा ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं.
• रॉक, ग्रंज, एकच पेडल आणि स्वच्छ ॲम्प : डिस्टॉर्शन. डीएस-१ किंवा रॅट.
• मेटल : जास्त गेनचं डिस्टॉर्शन, उदाहरणार्थ बॉसचं मेटल झोन. मात्र त्यातले टोनचे नॉब फार संवेदनशील आहेत. सगळे मधोमध ठेवून एकेक हलवा.
• मुख्यतः ऑर्केस्ट्रा, थेट मिक्सरला : कॅब सिम्युलेशन असलेलं मल्टी-इफेक्ट.

या सर्किटांत गुपित फार थोडं उरलं आहे, त्यामुळे त्यांच्या स्वस्त नकलाही भरपूर मिळतात. त्या वापरण्यात कमीपणा नाही. फरक सहसा डबीच्या मजबुतीत, स्विचमध्ये आणि जॅकमध्ये असतो. पायाने दाबायच्या वस्तूत तो महत्त्वाचा ठरतो.

नॉब कसे लावायचे?

बहुतेक पेडलांवर तीनच नॉब असतात : गेन म्हणजे छाटणी किती, टोन म्हणजे तीक्ष्णपणा किती, लेव्हल म्हणजे बाहेर आवाज किती.

सुरुवात अशी करा. पेडल बंद ठेवून ॲम्पचा स्वच्छ आवाज नीट लावा. मग गेन घड्याळात ९ वाजल्याच्या जागी, टोन १२ वर ठेवा. लेव्हल अशी लावा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाज साधारण सारखाच राहील. आता गेन हळूहळू वाढवा. पुरेसा वाटला की थोडा मागे घ्या. घरी एकट्याने वाजवताना जास्त गेन गोड वाटतो, पण ढोलकी आणि कीबोर्डसोबत तीच गिटार हरवून जाते. गर्दीत ऐकू यायचं असेल तर गेन कमी आणि मधले स्वर जास्त हवेत.

रॅटवर एक गंमत आहे. त्याचा ‘फिल्टर’ नॉब उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की आवाज तीक्ष्ण होण्याऐवजी मऊ होतो.

गिटारवरचा व्हॉल्यूम नॉबही पेडलचाच भाग समजा. ओव्हरड्राइव्ह चालू ठेवून तो १० वरून ६ वर आणला की खरखर विरते. अंतऱ्यात ६, सोलोला १०. एकाच पेडलमधून दोन आवाज मिळतात.

दोन पेडलं असतील तर आधी ओव्हरड्राइव्ह, मग डिस्टॉर्शन. पहिल्याचा गेन कमी आणि लेव्हल जास्त ठेवली, तर दुसरं पेडल अधिक घट्ट वाजतं. डिले आणि रिव्हर्ब या दोघांच्या नंतर लावा, नाहीतर प्रतिध्वनीचीही छाटणी होऊन गोंधळ होतो.

वर्ध्याचं ऊन, वीज आणि पेडल

बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा डीसी ॲडॅप्टर लागतो आणि त्याच्या पिनचा मधला भाग ऋण असावा लागतो. घरातल्या वायफाय राउटरचा ॲडॅप्टर पेडलला बसतो, पण तो बहुधा १२ व्होल्टचा आणि मध्ये धन असलेला असतो. तो लावल्यास पेडल कायमचं निकामी होऊ शकतं. ॲडॅप्टरवरचं आणि पेडलवरचं चिन्ह जुळतं का, ते आधी पाहा. ॲडॅप्टर अनेकदा पेडलसोबत येत नाही, तो वेगळा मागवावा लागतो. बॅटरीवर वाजवत असाल, तर काम झाल्यावर इनपुटची केबल काढून ठेवा. ती लागलेली असेपर्यंत पेडल बंद दिसलं तरी बॅटरी संपत राहते.

गेन वाढवला की गिटारसोबत घरघरही मोठी होते. आपली वीज ५० हर्ट्झची, तीच हम बनून ऐकू येते. मंडपातली लायटिंग, डिमर, जनरेटर यांच्याजवळ ती वाढते. जागा बदला, गिटारचा कोन बदला, गेन कमी करा. हमबकर पिकअप असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

मेमध्ये वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर असलेले जुन्या पद्धतीचे फझ पेडल लहरी होतात. उष्णतेने जर्मेनियममधली गळती वाढते आणि सकाळचा आवाज दुपारी राहत नाही. विदर्भात फझ घ्यायचाच असेल, तर सिलिकॉनचा घ्या. ओव्हरड्राइव्ह-डिस्टॉर्शनला ही अडचण सहसा येत नाही, तरी उन्हात उभ्या गाडीत पेडल ठेवू नका.

इथे प्रश्न जिवाचा आहे

घरघर कमी व्हावी म्हणून ॲम्पच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकली जाते. हे कधीही करू नका. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, तर माइक साउंड सिस्टीमच्या. दोन्हींपैकी एकाचं अर्थिंग नसेल आणि वादकाचा हात तारांवर, ओठ माइकवर असतील, तर विजेचा प्रवाह शरीरातून जाऊ शकतो. १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या स्वॉन्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे याचा स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मृत्यू झाला होता. पावसाळ्यात ओल्या मंडपात धोका आणखी वाढतो. ॲम्प आणि साउंड सिस्टीम अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवरून चालवा. माइकजवळ जाताच झिणझिण्या आल्या, तर गाणं तिथेच थांबवा.

ऑर्डर करण्याआधी एवढं तपासा

• पेडल कुठे जोडणार : ॲम्प, मिक्सर की इंटरफेस?
• आपल्या ॲम्पमध्ये ड्राइव्ह चॅनल आधीच आहे का?
• व्हिडिओतल्या वादकाने कोणता ॲम्प वापरला आहे? तो आवाज पेडल आणि ॲम्प मिळून येतो.
• ॲडॅप्टर सोबत आहे का? व्होल्टेज आणि ध्रुव जुळतात का?
• परत करण्याची मुदत किती? पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.
• सेकंडहँड असेल तर स्विच दहा वेळा दाबून, सगळे नॉब फिरवून आणि जॅक हलवून पाहा. खरखर कुठून येते ते कळतं.
• मोठ्या ब्रँडचं पेडल अविश्वसनीय स्वस्त मिळत असेल, तर ते बनावट असण्याची शक्यता धरा.

नागपूर वर्ध्यापासून साधारण ७५ किलोमीटरवर आहे. तिथे किंवा मुंबई-पुण्यात पेडल वाजवून बघण्याची संधी मिळाली, तर स्वतःची गिटार सोबत न्या आणि दुकानातल्या सगळ्यात महागड्या ॲम्पऐवजी घरी आहे तसाच छोटा ॲम्प मागा. जो आवाज तिथे आवडेल, तोच घरीही मिळण्याची शक्यता मग सगळ्यात जास्त.